भित्याच्या पाठीशी

भीतीला आपल्या भाषेत किती नावे आहेत, याचा कधी हिशेब केला आहे का? धाक, दरारा, धास्ती, धडकी, धसका; शिवाय कापरे भरणे, भेदरणे, बोबडी वळणे, पाचावर धारण बसणे हे निराळेच. सुखासाठी एवढे शब्द शोधू गेले तर सापडावयाचे नाहीत. आणि ह्या शब्दांत फरकही आहे. धाक दुसऱ्याने घातलेला असतो. दरारा माणसाच्या आधी गावात पोचतो. धास्ती उद्याची असते, आणि धसका कालचा. ज्या गोष्टीने धसका बसला ती केव्हाच होऊन गेलेली असते, तिची आठवणही पुसट झालेली असते. पण धसका आपला बसल्या जागेवरून उठत नाही.

एवढी शब्दसंपत्ती असूनही भ्यालेल्या जिवाविषयी सगळ्यांच्या तोंडी असलेली म्हण कोणती, तर भित्यापाठी ब्रह्मराक्षस! राक्षस भित्याच्याच मागे लागतो. तेव्हा दोष राक्षसाचा नाही, भिणाऱ्याचा आहे, असा तिचा रोख. पण भित्याच्या आसपास जी माणसे उभी असतात, ज्यांना तो राक्षस दिसतही नाही, त्यांनी काय करावे? ह्याविषयी म्हण गप्प आहे. ह्या प्रश्नाचा मला गेली दोनतीन वर्षे विचार करावा लागला, तो एका कुत्र्यामुळे. दिवाळीच्या फराळाशेजारी कुत्र्याचे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या घरी किंवा दारात कुत्रे आहे, त्यांना ह्याच चार दिवसांत तो पलंगाखालून ओढून काढावा लागतो, हे मी सांगावयास नको.

आमचा मुलूख सोलापूरकडचा, कोरडा. आमच्याकडे आषाढ-श्रावणातला पाऊस आलाच तर मुक्याने येतो. गडगडाट घेऊन येतात ते दोन पाऊस : चैत्र-वैशाखातला वळीव आणि परतीच्या वाटेवरचा हस्त-चित्रांचा. दुपारभर जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, तिसऱ्या प्रहरी ढगांचे डोंगर उभे राहतात आणि दिवेलागणीच्या सुमारास आभाळ फुटते. आमच्या शेजारी एक ऊसतोडणी करणारे कुटुंब राहत असे. दसरा झाला की ती माणसे कोयते घेऊन कारखान्याकडे निघत. एका वर्षी निघताना त्यांनी आपला कुत्रा आमच्याकडे ठेवला. नाव खंड्या, गावठी, तांबूस, एक कान मोडलेला. दोन वर्षांपूर्वी हस्ताच्या पावसात त्यांच्या गोठ्याजवळच्या लिंबावर वीज पडली, तेव्हा खंड्या गोठ्यातच बांधलेला होता. एक शेळी गेली, खंड्या वाचला. “तवापासनं आभाळ वाजलं की हा हाताला लागत नाही,” एवढे सांगून ते बैलगाडीत बसले.

हाताला लागत नाही म्हणजे काय, ते पुढच्याच आठवड्यात कळले. गडगडाट अजून आम्हांला ऐकूही आला नव्हता. वारा पडला, उजेड पिवळट झाला आणि खंड्या उठून घरभर फिरू लागला. जांभया देऊ लागला. ओठ चाटू लागला. (कुत्र्याची अशी जांभई झोपेची नसते; ती अस्वस्थपणाची खूण असते, हे मला मागाहून समजले.) मग धाप, मग लाळ, मग अंगभर कापरे. पहिला कडकडाट होताच त्याने परसदाराचे लाकूड ओरबाडावयास सुरुवात केली. नखांतून रक्त आले तरी थांबेना. शेवटी फट काढून तो निसटला, तो दुसऱ्या दिवशी दोन कोसांवर रस्त्याखालच्या नळ्यात सापडला. वाटेत दोन उघड्या विहिरी होत्या. तो त्यांत पडला नाही, हे त्याचे नशीब.

तेव्हा घरात सभा भरली. माझे धाकटे दीर जनावरांत वाढलेले. ते म्हणाले, “वहिनी, ह्याला जाड साखळी घाला आणि गोठ्यात बांधा. दोन पावसाळे गेले की आपोआप सरावेल. तुम्ही त्याला जवळ घेऊन बसता ना, म्हणून तो जास्त करतो. भित्र्याला गोंजारलं की तो आणखी भितो.” सासूबाईंचे मत निराळे. “विजेला भ्यायलाच पाहिजे गं,” त्या म्हणाल्या. “तिनं आमचा खिल्लारी बैल नेलाय.” आमचे हे नेहमीप्रमाणे म्हणाले, “तुला काय वाटतं ते कर.” म्हणजे प्रश्न माझ्याकडे आला.

दिरांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. पिढ्यान् पिढ्या आपण मुले ह्याच सूत्रावर वाढवली आहेत. मूल अंधाराला भिते? त्याला अंधारात पाठव. पाण्याला भिते? कमरेला भोपळा बांध आणि विहिरीत टाक. भीतीकडे लक्ष दिले की ती माजते, अशी समजूत आहे. आणि लाड केलेली सवय वाढते, हा अनुभव सर्वांचा असल्यामुळे ती समजूत खरीही वाटते. खंड्याने पंजा पुढे केला की मी भाकरीचा तुकडा देते; म्हणून तो दिवसातून दहादा पंजा पुढे करतो. मग तो कापत असताना पाठीवरून हात फिरवला तर तो दहादा कापणार नाही का?

येथेच विचाराची गफलत आहे, असे मला वाटते. पंजा पुढे करणे ही कृती आहे. ती खंड्या करतो, आणि नको असेल तर करीत नाही. कापणे ही कृती नव्हे. ते त्याला होते. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर घडी ठेवली, म्हणून मूल घडीच्या लोभाने पुन्हा ताप आणीत नाही. ज्याचे काळीज धडधडत आहे त्याला त्या धडधडीतून आपला हात हवासा वाटत असेल. पण हातासाठी कोणी धडधड विकत घेत नाही. २००५ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी गडगडाटाला भिणाऱ्या कुत्र्यांची पाहणी केली. वादळाचा आवाज ऐकवल्यावर त्यांच्या लाळेतील ताणाचे द्रव्य सरासरीने २०० टक्क्यांहून अधिक वाढलेले आढळले. ज्या घरात दुसरेही कुत्रे होते, तेथील कुत्रे मात्र लवकर ताळ्यावर आले. म्हणजे भीती हे काही सोंग नसते. ती रक्तात उतरते. आणि सोबत ही तिच्यावर निदान थोडी तरी चालते.

आता भीती खरी असली तरी तिचे कारण खरे आहे का? आपण भ्यालेल्याची समजूत घालताना पहिले वाक्य कोणते म्हणतो, तर “घाबरण्यासारखे काही नाही.” गडगडाटाच्या बाबतीत हे वाक्य शास्त्राला धरूनच आहे. वीज जेथून जाते तेथील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पाचपट. ती हवा एकदम फुगते, आणि त्या फुगण्याचा आवाज म्हणजे गडगडाट. प्रकाश त्याच क्षणी आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर ह्या चालीने मागून चालत येतो. वीज चमकल्यापासून आकडे मोजावे. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. मी वर्गातल्या मुलांना हे मोजावयास शिकवते आणि मोजता मोजता त्यांची भीती कमी होते. कारण त्यांना एक मोठी गोष्ट कळते : ज्या विजेचा आवाज आपण ऐकला, ती विजेची रेघ केव्हाच विझून गेलेली आहे. मारायचे असते तर तिने आवाजाच्या आधीच मारले असते. गडगडाट म्हणजे टळून गेलेल्या संकटाची आरोळी.

पण हे ज्ञान मी खंड्याला कसे देणार? माझ्याजवळ शब्द आहेत, आकडे आहेत. त्याच्याजवळ ह्यांतले काही नाही. उलट त्याच्याजवळ जे आहे ते माझ्याजवळ नाही. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंतचा. त्याच्या नाकाची तर गोष्टच सोडा. गडगडाटाच्या आधी वारा, वास, उजेड जे जे बदलते ते सगळे त्याच्या लेखी त्या एका रात्रीचे निरोपे झालेले आहेत. जाणता माणूस अजाण जिवाला, ज्ञान न देता, ज्ञानाचा दिलासा देऊ शकतो का? माझ्या मते हा प्रश्न केवळ कुत्र्याचा नाही. तान्ह्या मुलाचा आहे, मरणाच्या दारी भाषा हरवलेल्या म्हाताऱ्याचा आहे, आणि खरे सांगावयाचे तर भीतीने ज्याची बुद्धी झाकली गेली आहे अशा आपल्यातल्या कोणाचाही आहे. शस्त्रक्रियेच्या दारापुढे बसलेल्या शहाण्यासुरत्या माणसाला आकडेवारी सांगून पाहा. तो मान हलवील, पण त्याचे हात गार ते गारच राहतील.

ह्या बाबतीत मला सर्वांत अधिक शिकवले ते एका पुराच्या हकिगतीने. इव्हान पावलोव्ह हे नाव आपण शाळेत ऐकतो : घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे सांगणारा रशियन शास्त्रज्ञ. त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनाच्या अभ्यासासाठी; घंटेची कीर्ती मागून आली. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला नेवा नदीचा मोठा पूर आला. पाणी त्याच्या प्रयोगशाळेच्या कुत्र्यांच्या घरांत शिरले. नोकरांनी त्या कुत्र्यांना पोहवत पोहवत मुख्य इमारतीत आणून वाचवले. पूर ओसरला, सगळे सुरळीत झाले. पण काही कुत्र्यांचे शिकलेले सारे नाहीसे झाले होते. घंटा, दिवे, खुणा, सगळे ते विसरले होते. समोरचे खाणेही घेईनात. पुढे एक कुत्रा सावरला असे वाटल्यावर शास्त्रज्ञांनी त्याच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडून पाहिली. तो ताडकन उठला, जमिनीकडे पाहत अस्वस्थ झाला आणि पुन्हा पहिल्यासारखा. पूर गेला होता. धसका तसाच होता.

तो कुत्रा कसा सावरला होता? एरवी प्रयोग करणारा माणूस खोलीबाहेर बसत असे. पुरानंतर त्यांनी त्याला कुत्र्याजवळ आत बसवले. तो काही करीत नव्हता; नुसता असे. एवढ्याने कुत्र्याचे हरवलेले सारे हळूहळू परत येऊ लागले. तो बाहेर गेला की पुन्हा जाई. आणि सर्वांवर कडी म्हणजे, माणसाऐवजी त्याचे कपडे खोलीत कुत्र्याला दिसणार नाहीत अशा जागी ठेवले, तरी काही गुण येई. वास पुरे होता. कुत्र्याला यंत्रासारखे मोजणाऱ्या त्या प्रयोगशाळेने शेवटी हे नोंदवून ठेवले, की सोबतीचाही परिणाम असतो आणि तो मोजता येतो. मी दहावीच्या पुढे शिकलेली नाही, शास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण हे वाचले तेव्हा माझ्या मनात आले, की आजारी नातवाच्या उशाशी आजीचे लुगडे ठेवणारी आपली बाई वेडी नव्हती.

योगायोग असा, की त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स ह्या बाईंनी एका लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तीनएक वर्षांचा तो मुलगा सशाला भीत असे. त्याला आवडीचे खाणे देत असताना बाई ससा पिंजऱ्यात घालून लांब आणून ठेवीत. इतक्या लांब की मुलाचे खाणे थांबू नये. मग दुसऱ्या वेळी थोडा जवळ. आणखी थोडा जवळ. शेवटी मुलाने सशावरून हात फिरवला. येथे उपदेश नाही, भोपळा नाही, विहीरही नाही. फक्त अंतराचा हिशेब आहे, आणि तो हिशेब मुलाच्या हातात आहे. आज जगभर भ्यालेल्या कुत्र्यांवर जो उपाय करतात तो मुळात हाच.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला तोच सांगितला. पहिली गोष्ट, वादळात साखळी कधी नाही. पळण्याची वाट बंद झाली की भीती दुप्पट होते. पण घराची दारे पक्की लावून घ्यावयाची. दुसरी, त्याला लपण्याची जागा त्याची त्याला निवडू द्यावयाची. खंड्याने माजघरातला पलंग निवडला, त्याखाली मी जुनी वाकळ अंथरली. खिडक्यांवर घोंगडी, म्हणजे विजेचा लखलखाट आत येऊ नये. आणि रेडिओ सुरू. तिसरी, आभाळ निरभ्र असताना, हिवाळ्यातच, फोनवर गडगडाटाचा मुद्रित आवाज लावावयाचा. किती? त्याचा कान नुसता वळेल आणि खाणे थांबणार नाही, इतका. त्याच वेळी भाकरीबरोबर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. चार दिवसांनी आवाज एक घर वर. खाणे थांबले की लगेच एक घर खाली. रागावणे नाही, घाई नाही. आणि हे करूनही जिवाची तगमग थांबली नाही तर औषधे आहेत. ती देण्यात कमीपणा मानू नये. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली : फोनमधला गडगडाट हा खरा गडगडाट नव्हे. त्यात वारा नाही, जमिनीची थरथर नाही, ओल्या मातीचा वास नाही. तेव्हा ह्या अभ्यासाने परीक्षा पास होईलच असे नाही.

मार्गशीर्ष ते चैत्र आमचा हा अभ्यास चालला. शाळेतून आले की वह्यांचा गठ्ठा घेऊन पलंगाशेजारी बसावयाचे आणि फोन लावावयाचा. तपासता तपासता एक शंका मला पुष्कळ दिवस छळत राहिली. हा कुत्रा माझ्यावर विश्वास टाकून बसला आहे, आणि मी त्याला मुद्दाम, ठरवून, रोज थोडी थोडी भीती पाजते आहे. हे मला कोणी करू दिले? ह्या उपचाराला त्याची संमती कोठे आहे?

त्याचे उत्तर मला हळूहळू त्याच्या ताटलीत दिसले. खाणे थांबवणे हे त्याचे ‘नको’ आहे. ते ‘नको’ मी ऐकले आणि आवाज खाली आणला, तर हा उपचार. ऐकूनही वर नेला, तर तीच ती कमरेचा भोपळा सोडून विहिरीत टाकण्याची गोष्ट. औषध आणि छळ ह्यांत कधी कधी वस्तूचा फरक नसतो; मात्रा कोण ठरवतो एवढाच असतो. मात्रा भिणाऱ्याने ठरवावयाची आणि धीर देणाऱ्याने पाळावयाची, हा नियम मला तेथे सापडला, आणि मी तो वर्गात नेला. फळ्याजवळ बोलावले की ज्या मुलीची बोबडी वळते, तिला मी आता बाकावर बसूनच उत्तर सांगू देते. मग बाकाशेजारी उभी राहून. मग फळ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत. ‘बाई, आज नको’ म्हणाली तर आज नको. ती मुलगी अजून भिते. पण ‘नको’ म्हणता येते हे कळल्यापासून ती ‘चालेल’ही म्हणू लागली आहे.

आपल्या महाभारताच्या दोन्ही टोकांना एकेक कुत्रा आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटचा सर्वांना ठाऊक आहे : हिमालयातून धर्मराजाच्या मागोमाग गेलेला. पहिला आदिपर्वाच्या आरंभी आहे. जनमेजयाच्या सत्रात एक कुत्र्याचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. त्याची आई सरमा सत्रात येऊन विचारू लागली, की माझ्या मुलाचा अपराध काय? कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला : निरपराध्याला मारलेत, म्हणून तुमच्यावर अदृष्ट भय येईल. ‘तुमचा नाश होईल’ असे ती म्हणाली नाही. अदृष्ट भय! जे दिसत नाही, ज्याचे कारण कळत नाही, जे केव्हा येईल ते ठाऊक नाही, असे भय. ह्याहून मोठी शिक्षा त्या कुत्र्याच्या आईला सुचली नाही. आणि तो राजाधिराज जनमेजय ह्या शापाने इतका हादरला, की शांतीसाठी पुरोहित शोधत फिरला.

गडगडाट हे खंड्याचे अदृष्ट भयच आहे. आणि महाभारताच्या दुसऱ्या टोकाला त्यावरचा उतारा आहे. इंद्र रथ घेऊन उभा आहे, स्वर्गाचे दार उघडे आहे, आणि धर्मराज म्हणतो आहे, की भ्यालेल्याला, आश्रयाला आलेल्याला टाकणे हे माझ्याने होणार नाही. तो त्या कुत्र्याला तत्त्वज्ञान सांगत नाही. तो त्याला ‘भिऊ नकोस’ असेही म्हणत नाही. तो फक्त त्याला सोडून जात नाही. आपण अभय हा शब्द फार मोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवला आहे; देवांच्या वर केलेल्या हातासाठी. मला वाटते, अभयाचा साधा संसारी अर्थ एवढाच असावा : तुझी भीती जाईपर्यंत मी जात नाही.

मग भीती पार नाहीशी करावी का? येथे मात्र मी सासूबाईंच्या बाजूची आहे. वीज मारते. आमच्या भागात दर वर्षी गुरे मरतात, माणसेही मरतात. मोठ्या झाडाखाली उभे राहू नये, उघड्या माळावर थांबू नये, पहिला गडगडाट ऐकताच पक्क्या घरात यावे, हे आम्ही शाळेत घोकून घेतो. आभाळ भरून आले असता जो कुत्रा माळावरून घराकडे धावतो, तो शहाणाच म्हणावयाचा. मला त्याच्या मनातला विजेविषयीचा आदर काढावयाचा नव्हता. घरात आल्यावरही, दार लागल्यावरही, नखे तुटेपर्यंत दार ओरबाडावयास लावणारा जो भाग आहे, तेवढा कमी करावयाचा होता. निर्भय होणे वेगळे आणि आश्रय ओळखणे वेगळे. पहिले थोड्या वीरांना साधत असेल. दुसरे खंड्यालाही साधावे.

आणि आता दिवाळीच्या दिवसांत सांगावयाची गोष्ट. गडगडाट माझा नव्हे. तो मला थांबवता येत नाही, म्हणून त्याची सवय खंड्याला लावणे मला भाग आहे आणि उचितही आहे. पण फटाका? सुतळी बाँबचा आवाज कोणत्याही ढगातून येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरात दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ नेमून दिली. त्या वेळेच्या बाहेर किती आवाज झाले, हे ज्याच्या त्याच्या गल्लीला ठाऊक आहे. फटाक्यांच्या आवाजाचीही अशीच सवय लावता येते. तिच्या ध्वनिफिती मिळतात. पण जे मी करावयाचे टाळू शकते, तेच सोसण्याचे शिक्षण दुसऱ्याला देत बसणे आणि त्याला दयाबुद्धी म्हणणे, हे मला मानवत नाही. आधी आपला हात आवरावा. मग जे आपल्या हाताबाहेर आहे तेवढ्यासाठी दुसऱ्याला धीर शिकवावा. धीर देण्याचा हा क्रम उलटला, की धीर देणे ही सोयीची लबाडी होते. मुलांचा आनंद मी जाणते. मीही एकेकाळी लवंगी वाजवली आहे. भुईचक्र गिरगिर फिरते, फुलबाजी तडतडते, अनार उसळतो. ह्यांत मुलांचे काय कमी होते? आवाज कमी झाला म्हणून लक्ष्मी दारावरून परत गेल्याचे मी कोठे ऐकले नाही.

खंड्याचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून वाचक मला सोडणार नाहीत. वैशाखात ऊसतोडीची मंडळी परत आली. त्यांनी त्याला हाक मारली, तो धावत गेला, त्यांच्या पायांत लोळला, आणि रात्री जेवावयाच्या वेळी आमच्याकडे आला. तेव्हापासून तो दोन्ही घरांचा आहे. त्यावर वाद झाला नाही. त्याच आठवड्यात पहिला वळीव आला. वारा पडला तशी त्याने जांभई दिली. मग फेऱ्या, मग धाप. मी वह्या घेऊन माजघरात जाऊन बसले. कडकडाट झाला तेव्हा तो कापला, लाळ गळली, डोळे पांढरे झाले, सगळे पूर्वीप्रमाणेच. फक्त परसदाराकडे न जाता तो पलंगाखाली आला आणि आपली मोडक्या कानाची बाजू माझ्या पायाला लावून पडला. ताटलीतला तुकडा त्याने घेतला नाही. पाऊस थांबल्यावर घेतला.

दीर दारात उभे राहून पाहत होते. ते काही म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी परसदाराची ओरबाडलेली फळी रंधा मारून साफ केली. त्यानंतर तीन वळीव आणि हस्ताचा एक मोठा पाऊस होऊन गेला आहे. खंड्या अजून भितो. फळीवर नवा ओरखडा नाही.